काळोखातला बर्फ वाचणारी माणसं

जेवणं उरकली असतील तर या असे जवळ, दिवा जरा मोठा करतो, कारण आजची गोष्ट फार लांबची आहे. पार उत्तरेला, नॉर्वे देशात, ट्रॉम्सो म्हणून एक गाव आहे. तिथे नोव्हेंबर सरत आला की सूर्य जो जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवायचं नाव घेत नाही, भर दुपारी आभाळ तेवढं निळसर होतं आणि पुन्हा काळोख. त्या काळोखात हवामान खात्याच्या एका खोलीत काही माणसं संगणकासमोर बसून करड्या रंगाची चित्रं बघत असतात, इथे थबकतात, तिथे थबकतात, एक रेघ ओढतात, पुसतात, पुन्हा ओढतात. काय करतात म्हणाल तर समुद्र वाचतात. शेकडो मैलांवर काल रात्री कुठे बर्फ धरला, कुठे तो फाटला, कुठला तुकडा वाऱ्याबरोबर चालू पडला आणि उद्या सकाळी तो कुणाच्या जहाजाला आडवा येणार, हे सगळं त्या करड्यातून काढायचं असतं. समुद्री बर्फाचे विश्लेषक म्हणतात त्यांना. असेच लोक कॅनडात ओटावाला आहेत, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ सूटलँडला आहेत, रशियात सेंट पीटर्सबर्गला आहेत, डेन्मार्कात आहेत. आणि मला विचाराल, तर इतकं नवलाचं काम आभाळाखाली थोडंच असेल.

आधी एक घोळ सोडवून टाकू. समुद्रातला बर्फ म्हटला की आपल्याला टायटॅनिक आठवते. १९१२ साली ती ज्याला धडकली तो हिमनग होता, म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा कडा तुटून समुद्रात पडलेला डोंगर. त्याचं पाणी गोडं, कारण ते मुळात आभाळातून पडलेलं हिम. त्या अपघातानंतर हिमनगांवर नजर ठेवायला आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, ती आजही चालू आहे. आपल्या गोष्टीतला बर्फ मात्र निराळा. तो खुद्द समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा, दर हिवाळ्यात नव्याने धरणारा आणि उन्हाळ्यात बराचसा विरघळून जाणारा.

आता खारं पाणी गोठतं कसं, ते ऐका, कारण पुढची सगळी गंमत तिथूनच निघते. तळ्यातलं गोडं पाणी गार होत होत ४ अंशांवर आलं की सगळ्यात जड होतं, आणि त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळं वरच्या वर लवकर गोठतं. समुद्राचं तसं नाही. त्यात किलोमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, आणि असं पाणी गोठेपर्यंत जड जडच होत जातं. वरचं गार झालं की खाली बुडतं, खालचं कमी गार वर येतं, तेही गार होऊन बुडतं, असे कितीतरी दिवस समुद्र हवेला आपली ऊब देत राहतो. शेवटी उणे १.८ अंशांच्या सुमारास पाण्यात बारीक बारीक सुया आणि पापुद्रे धरू लागतात. त्यांना फ्रॅझिल म्हणतात. वारा पडला की त्या सुया वर येऊन दाट होतात, पाण्याला तेलकट मंद चमक येते, आणि बारीक लाटा जागच्या जागी जिरून जातात. हा ग्रीस आइस. समुद्र शांत राहिला तर त्याचा एक काळसर, लवचीक पापुद्रा होतो, त्याला निलास म्हणतात. चार बोटं जाडीचा असला तरी लाट खालून गेली की तो वाकतो आणि मोडत नाही. आणि निलासचे दोन थर वाऱ्याने समोरासमोर ढकलले गेले की काय होतं, ठाऊक आहे? एकाची पट्टी वर, दुसऱ्याची खाली, पुन्हा याची वर, त्याची खाली, अशा सरळ चौकोनी पट्ट्या पाडत ते एकमेकांत घुसतात. निसर्गात इतके काटकोन क्वचितच बघायला मिळतात. समुद्र खवळलेला असेल तर मात्र पापुद्रा धरतच नाही. तुकडे एकमेकांवर आपटून आपटून काठ उचललेल्या गोल चकत्या होतात, पार क्षितिजापर्यंत चकत्याच चकत्या.

आणि मीठ कुठे गेलं? पाणी गोठताना बर्फ मिठाला आपल्यात घेत नाही. थोडी मिठवणी बर्फातल्या बारीक फटींत अडकून राहते आणि हिवाळाभर हळूहळू खाली झिरपते. उन्हाळा आला की वरचं हिम वितळून गोडं पाणी त्या फटींतून खाली उतरतं आणि उरलंसुरलं मीठ धुऊन नेतं. म्हणून दोनतीन उन्हाळे तगलेला बर्फ इतका गोडा होतो की उत्तरेकडची माणसं त्याचाच तुकडा फोडून चहाला आधण ठेवतात. ध्रुवाकडे गेलेले जुने दर्यावर्दीही पाण्यासाठी असाच निळसर, उंचवट्याचा तुकडा शोधत. पण जहाजाला हाच गोडा बर्फ वैरी. मीठ गेलं की बर्फ कडक होतो. कोवळा, खारट बर्फ मजबूत जहाज सहज कापत जातं. जुन्या बर्फाचा घरापेक्षा लहान तुकडासुद्धा पोलाद फाडतो. म्हणून विश्लेषकाला बर्फ कुठे आहे एवढं सांगून भागत नाही, तो किती वर्षांचा आहे हेही सांगावं लागतं.

जाडीचंही एक गणित आहे. उणे ३० अंशांची थंडी असेल तर पहिल्या दिवशीच चारेक बोटं बर्फ धरतो, मग वाटतं की असाच वाढला तर हिवाळाभरात ताडमाड होईल. होत नाही. बर्फ हीच समुद्रावर पडलेली गोधडी. ती जितकी जाड तितकी खालची ऊब वर जायला उशीर, आणि ऊब गेल्याशिवाय खालचं पाणी गोठत नाही. योझेफ श्टेफान नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये, ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमांनी आणलेली मोजमापं समोर ठेवून, याचा हिशोब मांडला: जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. म्हणून पहिल्या हिवाळ्याचा बर्फ शेवटी दोनेक मीटरवर येऊन अडतो. अंदाज सांगणारे आजही रोजची थंडी अंशाअंशाने जमा करत जातात आणि तिच्यावरून बर्फाच्या जाडीचा अदमास बांधतात.

आता त्या करड्या चित्रांकडे येऊ. पूर्वी बर्फ बघायचा तर डोलकाठीवर माणूस चढवावा लागे, पुढे विमानं आली. पण ध्रुवाकडे निम्मं वर्ष अंधार आणि उरलेलं ढगाळ, मग विमानातून तरी काय दिसणार. तिथे रडार कामाला आलं. कॅनडाने १९९५ मध्ये रडारसॅट नावाचा उपग्रह वर पाठवला, तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा, म्हणून त्याला ना उजेड लागायचा ना ढगांची अडचण व्हायची. पुढे त्याची भावंडं आली, युरोपचे सेंटिनेल आले. ही लहर सपाट पृष्ठावर पडली की पुढेच निघून जाते, परत येत नाही, म्हणून चित्रात ती जागा काळी दिसते. खडबडीत पृष्ठावर पडली की थोडी माघारी येते आणि जागा उजळ दिसते. जुन्या गोड्या बर्फाच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे असतात, लहर आत शिरून त्यांच्यावर आपटत परतते, म्हणून तो चांगला उजळ दिसतो. तुम्ही म्हणाल, मग सोपं झालं की! काळं ते पाणी, उजळ तो बर्फ.

तसं असतं तर संगणकानेच काम केलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. वारा सुटला की उघडं पाणी खडबडीत होतं आणि बर्फासारखं उजळ दिसतं. वारा पडला की तेच पाणी काळं, आणि शेजारचा नवा गुळगुळीत निलासही काळाच. दोघांतली सीमा शोधायची कशी? त्यात बर्फफुलं. कडाक्याच्या थंडीत, वारा नसताना, नव्या बर्फावर नाजूक पांढऱ्या काड्यांचे तुरे उमलतात, वीतभरसुद्धा उंच नसतात, आणि ते खालची मिठवणी वर ओढून घेतात, म्हणून चवीला समुद्राच्या पाण्याहूनही खारट. दिसायला इतके देखणे की फोटो बघत राहावं. पण रडारची लहर त्यांच्यावर पडली की जोरात परतते आणि दोन दिवसांचा पातळ बर्फ चित्रात वर्षावर्षाच्या बर्फाइतका उजळ दिसू लागतो. उन्हाळ्यात तर आणखी पंचाईत. बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात, ओल्या थरातून लहर आत जात नाही, मग जुना काय अन् नवा काय, सगळं एकाच करड्या रंगाचं.

अशा वेळी विश्लेषक आठवणीवर काम करतो. कालचं चित्र काढतो, परवाचं काढतो. हा तुकडा परवा त्या बेटाच्या तोंडाशी होता, कोपरा मोडलेला होता, तोच आज इकडे सरकला आहे; म्हणजे हा जुनाच, आजचा उजेड त्याला फसवू शकत नाही. हवामानाचा तक्ता बघतो: काल इथे शून्याखाली २५ अंश आणि वारा निपचित, मग हा उजेड फुलांचाच असणार. लहरीच्या कंपनाची दिशा बदलून घेतलेलं दुसरं चित्र बघतो, ज्यात वाऱ्याने उठलेलं पाणी तितकंसं चकाकत नाही. एखाद्या जहाजाने सकाळी पाठवलेला निरोप वाचतो. कॅनडात तर विश्लेषकांपैकी काहीजण तटरक्षक दलाच्या बर्फफोड्या जहाजांवरच जातात आणि खिडकीतून दिसणारा बर्फ पडद्यावरच्या बर्फाशी ताडून बघतात. हल्ली संगणकाला शिकवून असे नकाशे काढून घ्यायचे प्रयत्न जोरात आहेत, आणि काही कामं तो झपाट्याने करतोही. पण मला वाटतं, परवाचा मोडका कोपरा ओळखणारा माणूस अजून बराच काळ त्या खुर्चीत बसलेला लागेल.

एवढं सगळं बघून झालं की रेघ पडते, आणि रेघेच्या आत जे असेल ते एका अंड्यात लिहितात. खरंच अंडं! उभ्या अंड्याचा आकार काढून त्यात चार ओळी आकडे. सगळ्यात वर, या भागाचा दहांपैकी किती हिस्सा बर्फाने झाकला आहे. त्याखाली, त्यात जाड बर्फ किती, मधला किती, पातळ किती. तिसऱ्या ओळीत प्रत्येकाचं वय. चौथ्या ओळीत तुकड्यांचा आकार, घराएवढे की गावाएवढे की दहा किलोमीटरहून मोठे. ही खूण सगळ्या जगात एकच, त्यामुळे रशियन खलाशाने कॅनडाचा नकाशा उघडला तरी अडत नाही. रंगही ठरलेले: विरळ बर्फ हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, दहांपैकी नऊ-दहा भरला की लाल, आणि किनाऱ्याला चिकटून जागचा न हलणारा तो राखी.

पण नकाशा झाला आजचा. जहाजवाल्याला हवा असतो उद्याचा, आणि बर्फ तर चालतो! तो कसा चालतो हे कळलं त्याची कथा एका विजारीपासून सुरू होते. १८८१ मध्ये जेनेट नावाचं अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चेचून बुडालं, आणि तीन वर्षांनी त्यातलं सामान कुठे सापडावं, तर पार पलीकडे, ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर! त्यात एका खलाशाची मेणकापडाची विजार होती, तिच्यावर त्याचं नाव. फ्रिट्यॉफ नान्सेन नावाच्या तरुण नॉर्वेजियनाने हे वाचलं आणि म्हणाला, विजार ध्रुवावरून वाहत येऊ शकते तर जहाज का नाही? लोकांनी वेड्यात काढलं. त्याने गोल बुडाचं फ्राम जहाज बांधून घेतलं, बर्फाने आवळलं तर चेचण्याऐवजी वर उचललं जाईल असं, आणि १८९३ मध्ये ते मुद्दाम बर्फात अडकवून टाकलं. बर्फ त्याला घेऊन निघाला. १८९६ मध्ये ते स्वालबार्ड बेटांजवळ सुखरूप बाहेर पडलं. त्या लांबच्या मुक्कामात नान्सेनला एक विचित्र गोष्ट दिसली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नव्हता. नेहमी वाऱ्याच्या उजवीकडे, २० ते ४० अंश कलून जात होता. परतल्यावर हा प्रश्न एकमन नावाच्या स्वीडिश विद्यार्थ्याकडे गेला, आणि सांगतात की त्याने मूळ उत्तर एका दिवसातच काढलं: पृथ्वी फिरते म्हणून. पृथ्वीच्या फिरण्याने उत्तर गोलार्धात चालती वस्तू उजवीकडे ओढली जाते, दक्षिणेत डावीकडे. समुद्रशास्त्राचा एक मोठा पाया त्या उत्तरातून घातला गेला.

अंदाज सांगणाऱ्यांना मात्र त्यातून एक हाताशी धरायचा आडाखा मिळाला. मोकळा बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे २ टक्के वेगाने जातो. म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा वारा दिवसभर टिकला तर बर्फ सतराएक किलोमीटर सरकणार, आणि उत्तरेत थोडा उजवीकडे कलून. आज संगणकाची मोठमोठी प्रारूपं आहेत, पण मुळात हिशोब हाच. तेवढ्याने प्रश्न संपतो असं नाही. वाटेत किनारा आला की बर्फाला जायला जागा उरत नाही, मागून वारा रेटतच असतो, मग तुकडे एकमेकांवर चढतात, उंच कडे उभे राहतात, आणि पाण्याखाली त्यांचं बूड त्याहून कितीतरी खोल जातं. अशा दाबात सापडलेलं जहाज पुढेही जात नाही, मागेही येत नाही. दक्षिणेला वेडेल समुद्रात शॅकल्टन नावाच्या दर्यावर्द्याचं एन्ड्युरन्स जहाज असंच आवळलं गेलं आणि १९१५ च्या नोव्हेंबरात बुडालं. २०२२ मध्ये ते ३,००८ मीटर खोलीवर सापडलं, मागच्या बाजूवरची नावाची अक्षरं अजून वाचता येतील असं. म्हणून अंदाजात दाबाचा इशारा वेगळा द्यावा लागतो.

हे काम का करायचं, हे ज्याला कळत नसेल त्याने हान्स हेडटॉफ्टची गोष्ट ऐकावी. डेन्मार्कने ग्रीनलंडच्या हिवाळी फेऱ्यांसाठी हे मजबूत जहाज नव्याने बांधलं होतं, बर्फाला पुरून उरेल अशी सगळ्यांची खात्री. पहिल्याच सफरीत, परतीच्या वाटेवर, १९५९ च्या ३० जानेवारीला ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ तुफानात ते हिमनगाला धडकलं. बिनतारी संदेश येत राहिले, संध्याकाळी थांबले. ९५ माणसं होती. एकही वाचलं नाही. कित्येक महिन्यांनी आइसलंडच्या किनाऱ्याला त्याचं एक जीवरक्षक कडं लागलं, बाकी काही नाही. त्यानंतर डेन्मार्कने त्याच वर्षी दक्षिण ग्रीनलंडमध्ये नार्सारसुआकला बर्फाची टेहळणी करणारं केंद्र उभं केलं, तिथून बर्फ बघायला उड्डाणं होऊ लागली आणि जहाजांना वाट सांगितली जाऊ लागली. मजबूत लाकूड-लोखंडापेक्षा वेळेवर मिळालेली खबर माणसं वाचवते, हे त्या लोकांना फार महागात शिकावं लागलं.

आणि हा विषय आपल्यापासून अगदीच दूर आहे असं समजू नका. १९८१ च्या डिसेंबरात आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याच्या मुरगाव बंदरातूनच निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम प्रमुख होते, पोलर सर्कल हे भाड्याचं नॉर्वेजियन जहाज होतं, आणि १९८२ च्या ९ जानेवारीला आपली माणसं त्या बर्फावर उतरली. आज गोव्यातच वास्कोला त्याच कामाची राष्ट्रीय संस्था आहे, तिकडे मैत्री आणि भारती ही आपली ठाणी चालू आहेत. भारतीच्या अलीकडे किनाऱ्याला चिकटलेला बर्फ असतो, तो फुटलाय की नाही, जहाज किती आत जाईल, यावर वर्षभराचं रेशन आणि इंधन अवलंबून. म्हणून इस्रोचे अहमदाबादचे शास्त्रज्ञ उपग्रहाची चित्रं बघून आपल्या जहाजाला बर्फाचा सल्ला देत आले आहेत.

उपग्रह नव्हते तेव्हाही दर्यावर्दी आभाळातच बर्फ वाचत, हे सांगायचं राहिलंच. क्षितिजाकडच्या ढगांचं पोट खालून पांढुरकं उजळलं तर तिकडे बर्फ, आणि ढगांचं पोट काळपट दिसलं तर तिकडे उघडं पाणी. लांबवरचं पाणी ढगांवर बघून जहाजं वळवली जात. 

तो बर्फ आता घटतो आहे. १९७९ च्या सप्टेंबरात उत्तर ध्रुवसमुद्रावर सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता, २०१२ च्या सप्टेंबरात ३४ लाखांच्या आसपास. कुणाला वाटेल, मग या माणसांचं काम कमी झालं. उलट वाढलं आहे. बर्फ पातळ झाला तसा वाऱ्याने जास्त पळतो, उरलेले जुने कडक तुकडे सुटे होऊन पूर्वी बंद असलेल्या वाटांत शिरतात, आणि वाटा उघडल्या म्हणून जहाजं मात्र दरवर्षी जास्त येतात.

हे नकाशे कुणालाही फुकट बघता येतात. नॉर्वेचे, कॅनडाचे, अमेरिकेचे, सगळ्यांचे. घरात कुणाकडे संगणक असेल तर एकदा उघडून बघा. लाल कुठे आहे आणि पिवळा कुठे, ते आधी शोधा, एखादं अंडं दिसलं तर वरचा आकडा पहिल्यांदा वाचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बघा, रेघ कुठल्या बाजूला सरकली ते.